ठाणे ते खडवली, एका अडकलेल्या सीडीपायी

ठाण्याहून खडवलीला गाडीने जायला दीड-दोन तास पुरतात. मला तीन दिवस लागले. वाटेत दरड कोसळली नव्हती की पूल खचला नव्हता. मी होते, माझी चौदा वर्षांची गाडी होती आणि त्या गाडीच्या सीडी प्लेअरमध्ये दसऱ्यापासून अडकून बसलेली एक सीडी होती. लोक काश्मीरला जाऊन येतात आणि केशराच्या मळ्यांवर लिहितात. माझ्या वाट्याला तांदूळ आले, तर मी तांदळावर लिहिते.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा. मला एका जागी धड बसवत नाही. सिनेमात मध्यंतराच्या आधीच मी चपला शोधायला लागते. गाडीत तर बोट सारखं रेडिओच्या बटणावर. एका स्टेशनवर निवेदक बोलायला लागला की दुसरं, तिथे जाहिरात आली की तिसरं. दिनेश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की सुजाताबरोबर ठाणे-डोंबिवली केलं की पंधरा गाण्यांची तोंडं दिसतात, शेपूट एकाचंही नाही.

तर मंगळवारी संध्याकाळी मानपाड्याहून माझ्या धाकट्या दिराचा, सुनीलचा फोन आला. त्याच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलेलं, शनिवारी हळद.

"वैनी, आईची ती सीडी तुमच्या गाडीत आहे ना?"

"आहे की."

"शनिवारी लागेल. आई बोलते धवला झाल्याशिवाय पोरीला हळद लावायची नाही. तिने जिद्दच धरलेय."

माझं माहेर मूळ चिपळूणकडचं, सासर आगरी. आमच्याकडे हळद म्हणजे सकाळी पाच सवाष्णी, एक वाटी, आणि नऊच्या आत सगळ्यांच्या आंघोळी. सासरी हळद लग्नापेक्षा मोठी. आणि त्यात धवला हवाच. लग्नातल्या एकेका विधीला म्हणायची ही गाणी, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर मांडव थांबतो, धवलारीण उशिरा आली तर मांडव रागावतो. माझ्या सासूबाई चाळीसेक वर्षं त्या सगळ्या पट्ट्यातल्या धवलारीण. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. म्हणजे अगदी गेला नाही, पण जी बाई माइकशिवाय अख्ख्या मांडवाला ऐकू जायची, तिचं बोलणं ऐकायला आता कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. आसपास उरलेल्या दोन्ही धवलारणींच्या शनिवारच्या तारखा आधीच गेलेल्या.

राहिली ती सीडी. माझ्या स्वतःच्या हळदीत आईंनी गायलेले धवले तिच्यात होते. माझ्या आईवडिलांच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मांडव घालायला जागा नव्हती, म्हणून माझी हळदही मानपाड्यालाच, सासरच्या मांडवात झाली होती. त्या हळदीच्या व्हिडिओ कॅसेटवरून पुढे एका भाच्याने नुसता आवाज काढून सीडी करून दिली. कॅसेटला बुरशी लागली, भाचा परदेशी गेला, सीडी तेवढी माझ्या गाडीत राहिली. त्या गाण्यांत नवरीचं म्हणून माझं नाव येतं. त्यावर आईंनी तोडगा काढला होता, तो सुनीलने फोनवर सांगितला. नावाच्या जागी मशीन थांबवायचं, तेवढं प्राचीचं नाव त्या स्वतः घेणार. एका नावापुरता आवाज आहे, म्हणाल्या.

मी फोनवर "आणते" म्हणाले. सीडी बाहेर येत नाही, हे काही सांगितलं नाही. दोन महिने ती आत अडकली होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण रेडिओ चालू होता.

बुधवार, ठाणे

सकाळी साडेदहाला मी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे. त्याने बाहेर ढकलायचं बटण दाबलं. आतून कुरकुर झाली, जात्यात खडा आल्यासारखी. त्याने आणखी पाच-सहा वेळा दाबलं. मग मी दाबलं. मग आम्ही आळीपाळीने दाबलं. हे अजिबात करायचं नसतं, हे मला शुक्रवारी कळलं.

"रिसेट मारतो," तो म्हणाला. बॉनेट उघडून त्याने बॅटरीची तार काढली, चहा प्यायला, तार परत लावली. सीडी जिथल्या तिथे, वर आणि रेडिओही बंद. पडद्यावर एकच शब्द चमकत होता, 'कोड'.

"कोणता कोड?"

"सेटचा. चोरीला जाऊ नये म्हणून कंपनी देते. छोटं कार्ड असतं बघा, गाडीच्या पेपरबरोबर. ते आणा."

घरी येऊन मी गाडीची फाइल उपसली. विम्याचे कागद, पीयूसी, लोणावळ्याच्या हॉटेलचं बिल, कोणाच्या तरी बारशाची पत्रिका. कार्ड नाही. दिनेशला ऑफिसात फोन केला.

"तू शांतपणे शोध, मिळेल," तो म्हणाला. मला शांतपणे शोधता येत असतं तर कार्ड हरवलंच नसतं. दुपारभर मी कपाटं उलथीपालथी केली. रात्रीच्या जेवणाला खिचडी झाली, तीही बुडाला लागली.

गुरुवार, कोपर आणि मग मानपाडा

कोपरला स्टेशनजवळच्या एका गल्लीत गाड्यांचे म्युझिक सिस्टिम बसवणारा एक इलेक्ट्रिशियन आहे असं शेजारणीने सांगितलं, म्हणून सकाळी तिकडे निघाले. रेडिओ बंद असलेल्या गाडीतून मी पहिल्यांदाच इतकी लांब गेले असेन. काचा लावल्या तर स्वतःच्या मनातलं ऐकू यायला लागतं, उघडल्या तर शिळफाट्याची धूळ. शेवटी काचा उघड्या ठेवल्या.

इलेक्ट्रिशियन तिशीतला, बोलका. सेट बघून हसला.

"मॅडम, हे आता कोण वापरतं? स्क्रीन टाकून देतो मस्त. फोन जोडा, मॅप बघा, रिव्हर्सचा कॅमेरा पण येतो."

"मला स्क्रीन नको. आतली सीडी हवी. अख्खी."

"काय आहे तिच्यात?"

"सासूबाईंचा धवला."

त्याचं हसू मावळलं. "आईशप्पथ. मग हात नाय लावत मी. मी सेट तोडून काढीन, सीडीला ओरखडा गेला तर माझी आजी मला घरात घेणार नाय." त्याची आजी घेसरची, म्हणजे आगरीच निघाली. तो कोणाला तरी फोन लावत होता, तोवर मी गाडीत बसले आणि मला एक हुशारी सुचली. कोड चारच आकड्यांचा. दिनेशचं जन्मसाल टाकलं. चुकलं. आमच्या लग्नाचं साल टाकलं. चुकलं. गाडीचा नंबर टाकला. पडद्यावरचा 'कोड' गेला आणि 'थांबा' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येऊन बसला.

इलेक्ट्रिशियनने कपाळावर हात मारला. "तीन वेळा चुकीचा टाकला? आता लॉक झाला तो. तासभर चावी चालू ठेवून बसायचं. मध्ये बंद केली तर परत पहिल्यापासून तास मोजतो."

मला शिक्षा द्यायची तर याहून नेमकी कोणाला सुचली नसती. कोपरच्या गल्लीत, बंद इंजिनाच्या गाडीत, 'थांबा' या शब्दासमोर एक तास. दहा मिनिटांत मी पंखा लावला. वीस मिनिटांत फोन चार्जिंगला लावला. मग आतला दिवा लावून डिकी सोडून सगळी गाडी आवरली. तळमजल्यावरच्या एका काकूंना माझी दया आली. त्यांनी खिडकीतून कांदाभजीची ताटली दिली आणि कोणाची वाट बघताय विचारलं. रेडिओची, म्हटलं. बरं, म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. पन्नासाव्या मिनिटाला पंखा मंद झाला, मग दिवा मंद झाला, मग पडद्यावरचा तो शब्दही गेला. बॅटरी उतरली होती.

इलेक्ट्रिशियन, रिक्षावाला आणि भाजीवाला अशा तिघांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. निघताना इलेक्ट्रिशियनने एक नंबर दिला. "फडके म्हणून आहेत. कल्याणला दुकान होतं त्यांचं, आता खडवलीला राहतात. सीडीचं काम त्यांच्याशिवाय कोण करणार नाय. फक्त त्यांच्यासमोर घाई करू नका."

फडक्यांना तिथूनच फोन केला. त्यांनी शुद्ध, सावकाश मराठीत विचारलं, "संचाचा कोड आपल्यापाशी आहे का? मी संच डॅशबोर्डातून बाहेर काढणार, म्हणजे तो कोड विचारणार. नसेल तर उगाच इतक्या लांब येऊ नका."

मग मात्र आईंपुढे सगळं कबूल करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. कोपरहून थेट मानपाडा गाठलं.

मानपाड्याचं घर आता तीन मजली आहे. मिठागरं गेली, भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, पण ओटीवर बाजरीच्या गोणीसारख्या घट्ट बसून राहणाऱ्या आई तशाच आहेत. दारात मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. घरात पाहुण्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या सहा बायका, चुलीवर सुक्या जवळ्याचा वास. जावेने माझ्या हातात ताट दिलं. मी उभ्या उभ्याच जेवायला लागले तेव्हा आईंनी हाताला धरून खाली बसवलं. मी सगळं सांगितलं. सीडी अडकलेली, कोड हरवलेला, बॅटरी उतरलेली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "लहान कार्ड? आकडे लिवलेला?"

"हो."

"देवाकडं हाय."

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा ती आधी मानपाड्याला आणली होती, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे चावी आणि सगळे कागद एक रात्र देव्हाऱ्यात ठेवले होते. सकाळी मी नेहमीप्रमाणे घाईत कागद उचलले. हे कार्ड देवीच्या फोटोमागे सरकलं. ते आईंना नंतर सापडलं आणि त्यांनी तिथेच ठेवलं.

"मना वाटला गारीची पत्रिका हाय," त्या म्हणाल्या. "पत्रिका देवाकडंच ठेवतात ना."

कार्डावर चौदा दसऱ्यांचं कुंकू साचलं होतं. पदराने पुसलं तेव्हा आकडे दिसले. इंजिन चालू ठेवून पुन्हा तासभर थांबले, मग ते टाकल्याबरोबर रेडिओ लागला. मी लगेच तीन स्टेशनं बदलली.

"उद्या मी येनार तुज्याबरोबर," आई म्हणाल्या. घरात लग्न, शंभर कामं, तुम्ही कशाला, असं सगळ्यांनी म्हणून पाहिलं. त्या भाकरीचं पीठ मळत राहिल्या.

शुक्रवार, खडवली

कल्याणच्या पत्री पुलाशी आम्ही पाऊण तास अडकलो. ते वर्णन वगळते, कारण तेव्हा मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. टिटवाळ्यावरून जाताना आईंनी गाडीतूनच गणपतीला हात जोडले. पुढे रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे वाल आणि भेंडीची शेतं, थंडी असूनही ऊन चांगलं. मी एफएम इकडून तिकडे फिरवत होते.

"येक तरी गाना पुरा आयकलास का कदी?" आईंनी विचारलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"चांगलं लागलं तर ऐकते ना."

"चांगला हाय का नाय, ते शेवटाला कलतं."

यावरून मला एक आठवलं. सीडी चालत होती तेव्हा आई गाडीत बसल्या की मी ती लावायची. दोन धवले झाले की त्या स्वतःच पुढे वाकून बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, बास, आता तुजा रेडू लाव. दरवेळी दोनच. सुनेची आवड सांभाळणारी सासू मिळाली म्हणून मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

फडक्यांचं घर नदीच्या वाटेवर, छोटं, कौलारू, पुढे मेथीचे वाफे. फडके सत्तरीचे, पांढरा शर्ट, डोळ्यावर घड्याळजीचं भिंग. त्यांनी पाणी दिलं, कार्ड मागितलं, आकडे एका वहीत उतरवले आणि मग विचारलं, "बटण किती वेळा दाबलंत?"

"बरेचदा."

"अडकलेल्या दाराला लाथा मारल्यावर दार काय करतं?"

मी हात मागे घेतले. इलेक्ट्रिशियनचा सल्ला आठवला.

त्यांनी दोन पातळ पट्ट्या घालून संच अलगद बाहेर ओढला. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधली. संच टेबलावर ठेवून एका कागदावर त्याचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रातल्या त्याच जागेवर ठेवला. एकेक स्क्रू काढताना ते बोलत होते, मला शिकवत होते की स्वतःशी, ते कळलं नाही. सीडी कडेने धरावी. पुसायची तर मधून बाहेर, सरळ. गोल गोल पुसली तर ओरखडे वाजतात. उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नये. गाडी तापलेली असली तर बसल्या बसल्या प्लेअर लावू नये, आधी काचा उघडाव्यात. एसीची हवा थेट फटीवर सोडू नये, आतल्या भिंगावर दव धरतं. गाडीत अत्तर फवारायचं तर दुसऱ्या बाजूला फवारावं. यातलं एकही मी पाळलेलं नव्हतं.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"लागेल तेवढा. नदी पाहून या."

भातसा नदी पाहिली. पाणी स्वच्छ होतं, खडकावर दोन बगळे होते, सहलीला आलेलं एक कुटुंब कलिंगड कापत होतं. सहा मिनिटांत मी परत आले. त्यांनी भिंगातून वर पाहिलं, मी पुन्हा नदीवर गेले. असं तीनदा झालं. आई मात्र टेबलासमोरच्या स्टुलावर बसून होत्या, नात बाळंतिणीच्या खोलीत असावी तशा.

चौथ्यांदा आले तेव्हा झाकण निघालेलं होतं. फडक्यांनी चिमट्याने आतून काहीतरी काढून बशीत ठेवलं. तांदळाचा दाणा. पिवळा, हळदीचा. मग दुसरा. असे नऊ दाणे निघाले, थोडं कुंकू आणि उदबत्तीची राख.

"संचात तांदूळ कोणी घातले?" फडक्यांनी मला विचारलं. चोर सापडल्याच्या सुरात.

"मी घातले," आई म्हणाल्या.

फडक्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने सांगितलं, आणि सांगता सांगता दसऱ्याची सकाळ डोळ्यांसमोर आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, मिक्सर, गाडी. आई गाडीत एकट्याच बसून बराच वेळ काहीतरी करत होत्या आणि मी बाहेरून हॉर्न वाजवून घाई करत होते.

"आत कशाला टाकलेत, आजी? वर वाहायचे," फडके म्हणाले.

आईंनी घसा खाकरला, जमेल तेवढा आवाज काढला. "सगल्यांना वाहिले. माजा आवाज आत हाय. त्याला नको का?"

फडक्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि पुसलं. ते पुन्हा लावायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण पुढच्या दसऱ्याला वर वाहा. आतल्याला ते पोचतं."

सीडी निघाली तेव्हा माझाही गुन्हा उघडकीला आला. तिच्यावर मी एकदा 'आईंचे धवले' असा कागदी स्टिकर चिकटवला होता. उन्हाने त्याची कड सुटून ती आतल्या रबरी रुळाला चिकटली होती. "तांदळाने नुसती कुरकुर झाली असती," फडके म्हणाले. "अडकली ती यामुळे. सीडीवर नाव लिहायचं तर त्याचं पेन मिळतं." त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने तो कागद ओलावून, सोलून, एकेक तुकडा काढला. त्याला आणखी अर्धा तास गेला. या वेळी मी नदीवर गेले नाही.

मग त्यांनी सीडी स्वतःच्या घरातल्या प्लेअरमध्ये लावली. पेन ड्राइव्हवर उतरवून देतो म्हणाले, म्हणजे उद्या गाडी मांडवात न्यायला नको. मी वही-पेन घेऊन बसले. माझं नाव कुठे कुठे येतं त्या वेळा लिहून काढायच्या होत्या, नाहीतर उद्या कुठे थांबवायचं ते कसं कळणार.

आईंचा आवाज खोलीत आला. मी तो गाडीतल्या घरघरीत ऐकला होता, असा कधी ऐकला नव्हता. बाहेर मेथीला पाणी घालणारी फडक्यांची बायको झारी तशीच धरून दारात उभी राहिली. मी खाली मान घालून वेळा लिहीत होते. पहिल्या धवल्यात माझं नाव दोनदा, दुसऱ्यात एकदा, त्यात माझ्या आईचंही नाव. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. आईंनी तिचं नाव किती लांबवून घेतलं होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसरा धवला संपला आणि आईंचा हात पुढे आला. "बास. झाला. पुडचा नको."

"असं कसं, आजी?" फडके म्हणाले. "शेवटपर्यंत तपासायला नको का?"

"पुडचा चांगला नाय आला," त्या म्हणाल्या आणि बटण शोधायला लागल्या. प्लेअर अनोळखी होता, त्यांना बटण सापडलं नाही. तिसरा धवला सुरू झाला. तो लांब होता. मधल्या एका ओळीच्या शेवटी, माइकच्या अगदी जवळून, एका तरुण मुलीचा स्पष्ट आवाज आला.

"ए, हे अजून किती वेळ चालणार गं? अंग खाजतंय माझं. सांगा ना त्यांना बंद करायला."

आणि तीन-चार मुलींचं फिदीफिदी हसणं.

तो आवाज माझा होता. गाणं थांबलं. एक श्वास जाईल एवढंच थांबलं, पण थांबलं. मग धवला पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि शेवटपर्यंत गेला.

मी वहीत काही लिहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फडके प्लेअरकडे बघत होते, त्यांना आवाज ओळखण्याचं कारण नव्हतं. आई बशीतले नऊ दाणे गोळा करून पदराच्या टोकाला बांधत होत्या.

निघताना फडक्यांनी मेथीच्या दोन जुड्या उपटून दिल्या. संच पुन्हा बसवून, कोड टाकून दिला. रेडिओ चालू झाला तो मी बंद केला. टिटवाळा मागे पडला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"माजाच गाना. मना नाय म्हाईत आसनार?"

"म्हणून दरवेळी दोनवर बंद करायचात?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तू आयकला आसतास त तुला वाईट वाटला आसता."

"मला कधी बोलला का नाहीत? पंचवीस वर्षं होत आली."

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. मग मला नीट ऐकू जावं म्हणून माझ्या खांद्यावर हात टेकून वाकल्या. "शेवटपरत बसलीस ना. उटून त गेली नायस."

मी गाडी बाजूला घेतली, कारण पुढचा रस्ता दिसेना. एका मोटारसायकलवाल्याने थांबून काही मदत हवी का विचारलं. आईंनीच त्याला हाताने जा म्हणून सांगितलं.

शनिवार, मानपाडा

मांडवात दुपारपासून डीजेचे खोके रचलेले. आमच्या चिपळूणच्या मावशीला मी एकदा अशा हळदीला आणलं होतं, तिने पहिल्या पाच मिनिटांत कानात कापूस घातला आणि मग दोन तास नाचली. पण संध्याकाळी पाचला डीजे बंद झाला. प्राचीला पाटावर बसवलं. बायका भोवती बसल्या, वाटीत हळद कालवलेली तयार. आईंनी नवीन हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात माइक. डीजेवाल्याच्या टेबलाशी, पेन ड्राइव्हच्या बटणावर बोट ठेवून मी उभी. आदल्या संध्याकाळपासून मी ते धवले सात वेळा शेवटापर्यंत ऐकले होते. वहीची गरज उरली नव्हती.

पहिलं नाव जवळ आलं. मी थांबवलं. आईंनी माइक ओठांना लावला आणि नाव घेतलं. फाटका, खरखरीत आवाज, त्यात सूर फारसा नव्हता. पण नाव सगळ्यांना ऐकू गेलं. प्राची मान खाली घालून रडायला लागली, तिच्या आईने पदर डोळ्याला लावला, आणि पहिली हळद लागली. दुसऱ्या नावाला आईंचा आवाज जरा मोकळा झाला. तिसऱ्याला त्यांनी ते थोडं लांबवूनही पाहिलं. माझ्या आईचं नाव येतं तिथे त्यांनी जावेचं नाव घेतलं.

दुसरा धवला संपत आला तेव्हा डीजेवाला माझ्या बाजूला वाकला. त्याने एका कानाला हेडफोन लावून पुढचं आधीच ऐकलं होतं. काम नेटकं करणारा माणूस होता.

"काकू, पुढच्या गाण्यात मध्येच कोणतरी बाई बोलते. एवढ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल. तेवढं कापून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. आई दोन हातांवर बसलेल्या, त्यांनी ते ऐकलं. त्यांनी माइक बाजूला केला आणि मान हलवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नवरी हाय ती."